पुणेकराच्या डोक्यावर माका

आमच्या आप्पांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, डोकं राहतं. गल्लीतला इस्त्रीवाला म्हणजे पुढून विरळ, दूधवाली अक्का म्हणजे अकाली पिकलेली, खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणजे कोंडा. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले आणि त्या हातांत त्यांनी माका घेतला. तेव्हापासून आमच्या घरी येणाऱ्या कुणाचंच डोकं सुरक्षित नाही.

माका काही दुर्मिळ झाड नव्हे. झाड म्हणणंही जास्तच झालं. जिथं पाणी झिरपतं तिथं तो उगवतो: गटाराच्या कडेला, नळाखाली, तलावाच्या बांधावर. शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल, खरबरीत पान. देठ मोडला की आधी हिरवा रस येतो आणि बघता बघता तो काळा पडतो. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का त्याला गरुग म्हणतात. आई-आप्पा लग्न होऊन निपाणीकडून बेंगळुरूला आले, तेव्हा त्यांना इथल्या भाषेतला पहिला ओळखीचा भेटला तो हा माकाच, असं आई सांगते. नाव वेगळं, पण पान तेच.

आमच्याकडे माक्याला बरीच कामं असत. रस काढायचा, खोबरेल तेलात घालायचा, मूठभर काळे तीळ टाकायचे आणि लोखंडी कढईत मंद आचेवर रस आटेपर्यंत उकळायचं. हे झालं केसांचं तेल. रसात भिजवून वाळवलेल्या फडक्याची वात करून तिची काजळी धरायची, हे झालं बाळाचं काजळ. मावशीला कावीळ झाली तेव्हा तिला ताकातून माक्याचा रस दिला होता आणि दवाखान्यातही नेलं होतं. ती नेमकी कशानं बरी झाली यावर आमच्या नातेवाइकांत अजून दोन तट आहेत. मी दवाखान्याच्या बाजूची. आणि आप्पा लहानपणी गावच्या शाळेत कोळशाबरोबर माक्याचा पाला घासून फळा काळा करायचे. आप्पा चौथीत शाळेतून बाहेर पडले. पुस्तकापेक्षा फळ्याला आपला हात जास्त लागला, असं ते हसत सांगतात.

आता माझं. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. बीसीए, फर्स्ट क्लास. मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवावा असं मला कधी वाटलेलं नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून देवाच्या फळीशेजारी लावलंय. दसऱ्यात आयुधपूजेला आप्पांच्या स्पॅनरला आणि माझ्या स्कूटरला कुंकू लागतं तेव्हा त्या काचेलाही लागतं. कोरमंगलात एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना तोंडावर सांगायचे पैसे मिळतात. हे काम माझ्या स्वभावाला इतकं मानवलंय की सुट्टीच्या दिवशीही बंद होत नाही.

त्याच ऑफिसात पुणेकर होता. नाव वेगळं होतं, पण सगळे पुणेकरच म्हणायचे आणि मीही. तिशीला टेकलेला, हुशार, बोलायला गोड आणि कपाळ मागे मागे सरकत चाललेला. तो माझ्या टीममध्ये आला तेव्हा भांग बाजूला होता. वर्षभरात भांग पाडायला केस शोधावे लागत. माझी वेणी कमरेच्या खाली जाते. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तू कुठला ब्रँड वापरतेस?" मी म्हटलं, "आप्पा."

त्या रविवारी तो आमच्या घरी आला. केसांसाठी आला की माझ्यासाठी, हे तेव्हा मला कळलं नाही. त्यालाही कळलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. आप्पांनी त्याला गच्चीवर उजेडात बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि लेथवर जॉब फिरवून बघावा तसं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "जमीन चांगली हाय."

मी तिथंच सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकलं तरी नशीब समज. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही अशीच बोलतीया. डिग्री झाल्यापासनं." पुणेकर हसला, पण त्याचे डोळे आप्पांच्या तेलाच्या बाटलीवर होते. आशा असली की शिकलेला माणूसही काय काय करतो ते मी पुढं बघितलं. बाटली संपेपर्यंतही त्याला दम निघाला नाही. आपण आपला माका शोधावा म्हणून त्यानं कंपनीच्या आवारात शोभेसाठी लावलेल्या पिवळ्या फुलांच्या वेलीचा मोठा झुबका माका समजून उपटला. सुरक्षारक्षकानं त्याला हातात झुबका असतानाच धरलं. आपण काय करत होतो हे त्याला हिंदीत समजावता येईना, आणि रक्षकाला ऐकून घ्यायचं नव्हतं. शेवटी मी जाऊन कन्नडमध्ये सांगितलं की सार, यांना केस हवेत. रक्षकानं त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

या सगळ्यात वर्ष गेलं. दर रविवारचं तेल लावणं झालं, आईच्या हातचं जेवण झालं, आणि एक दिवस मेट्रोच्या जिन्यावर आमचं दोघांचं ठरलं. आता त्याच्या आईवडिलांनी येऊन बघायचं बाकी होतं.

इथं मी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुढं जे झालं ते तिच्यावरच उभं होतं. त्याची आई पुण्यात एका शाळेची मुख्याध्यापिका होती, नुकती निवृत्त झालेली. फोनवर तिनं मुलाला विचारलं होतं की मुलीचे वडील करतात काय, आणि त्यानं खरं ते सांगितलं होतं. त्यावर तिनं विषय बदलून जेवलास का विचारलं होतं. मी पुणेकराला सांगून ठेवलं होतं की तुझ्या आईनं नाही म्हटलं तर मी पळून वगैरे येणार नाही. माझ्या आईबापांनी मान खाली घालून मला कुणाच्या घरात द्यावं असं काही घडणार नाही. त्या माणसांनी आमच्या घरात बसून, आमच्या ताटात जेवून हो म्हणायचं. नाहीतर विषय संपला. तो म्हणाला, म्हणेल ती हो. पण बोलताना कपाळावरून हात मागे नेत राहिला, म्हणजे त्याचीही खात्री नव्हती.

ते रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी आप्पा तलावाच्या बांधावर जाऊन माक्याचा भलामोठा भारा घेऊन आले. पाहुण्यांना तेलाची बाटली द्यायची त्यांची इच्छा होती. पुणेकर फळं घेऊन आला होता, त्याला त्यांनी अर्धा भारा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तेलात उकळ, मंद आचेवर, रस कच्चा लावायचा नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला.

दुपारी त्याचा फोटो आला. फोटोच्या खाली एकच शब्द होता: "हेल्प."

त्याच्या पीजीत कढई नव्हती, शेगडीला परवानगी नव्हती, पण मिक्सर होता. उद्या आई येणार, आज जरा जोर लावू, असा विचार करून त्यानं सगळा पाला वाटला. तो लगदा पुढच्या मोकळ्या जागेवर चांगला जाड थापला. मग गच्चीवर उन्हात कानात गाणी घालून बसला आणि तिथंच त्याला झोप लागली. उठून धुतलं तेव्हा कपाळापासून टाळूपर्यंत सगळं निळंकाळं झालेलं. दोन ओघळ भुवयांपर्यंत आलेले, एक कानामागून मानेवर उतरलेला. तव्याच्या बुडावर उरलेसुरले केस चिकटवावेत तसं ते डोकं दिसत होतं.

मी फोटो आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि मनापासून म्हणाले, "रस काय झकास निघालाय बघ."

आईनं उपाय सांगितले. लिंबू, ताक, डाळीचं पीठ, खोबरेल तेल, पुन्हा लिंबू. संध्याकाळपर्यंत कपाळ साधारण माणसाचं झालं. डोकं मात्र हटलं नाही. कंपनीनं कधीतरी फुकट दिलेली एक टोपी होती, ती घालायची असं ठरलं. विचारलं तर सर्दी झालीय म्हणायचं.

रविवारी आई पहाटे उठली. आमच्याकडे कोण मोठं येणार असलं की काय करायचं हे तिला शेजारच्या अक्कांनी पहिल्या वर्षीच शिकवलंय: पायस आणि उडदाचे वडे. इथं लग्नातही तेच, बारशातही तेच. त्यामुळं आईनं तांदळाची घट्ट खीर केली, वेलदोडा घालून, आणि वड्यांचं पीठ हातानं फेटलं. पहिला घाणा निघतोय तोवर खिडकीच्या कठड्यावर कावळा येऊन ओरडायला लागला. कावळा ओरडला म्हणजे पाहुणे वाटेवर आहेत. आई खूश झाली आणि तिनं त्याला एक गरम वडा मोडून घातला.

आप्पांनी उरलेला माका स्वच्छ धुऊन पितळी ताटात पसरून ठेवला होता. पंख्याचं वारं देवाच्या फळीपाशी चांगलं लागतं, म्हणून ताट तिथं. तेलात घालायचे काळे तीळही धुतलेले, तेही एका वाटीत शेजारी. मी हे सगळं बघितलं आणि मला त्यात काही दिसलं नाही. आमच्याकडे म्हाळाला गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करतात. आजोबांना सुकं मटण आवडायचं, म्हणून सुकं मटण. खीर, वडे, तीळ, माका, यांची एकमेकांशी ओळख असेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते आले. काका उंच, शांत, डोकं अगदी गुळगुळीत, एक केस औषधाला नाही. आप्पांची नजर त्या डोक्यावर गेली आणि तिथंच राहिली, मला त्यांना कोपरानं ढोसावं लागलं. काकूंची सुती साडी कडक इस्त्रीची, बोलणं मोजकं. मागून टोपी घालून पुणेकर. काकूंनी त्याला खालीच विचारलं असणार, कारण तो आल्या आल्या दोनदा शिंकला आणि दोन्ही वेळा खोटं शिंकला.

सुरुवात बरी झाली. काकूंनी मला शिक्षण विचारलं, काम विचारलं. मी सरळ सांगितलं. त्या उठून प्रमाणपत्राजवळ गेल्या, काचेवरचं कुंकू बघितलं. मला वाटलं आता हसतील. त्या म्हणाल्या, "योग्य जागी लावलंय." माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. आणि मग त्यांची नजर शेजारच्या ताटावर गेली. माक्यावरून तिळांवर, तिळांवरून परत माक्यावर. त्या आईला मदत करते म्हणून आत गेल्या.

आत त्यांनी खीर बघितली, वडे बघितले. कावळा एव्हाना आपल्या माणसांना घेऊन आला होता आणि आई त्यांना दुसरा वडा घालत होती.

काकू बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "आज तुमच्याकडे कुणाची तिथी आहे का? आधी कळवायचं नाही का, आम्ही उद्या आलो असतो."

मला कळेना. मी म्हटलं, तिथी कसली?

"श्राद्धाची," काकू म्हणाल्या.

आई पळीसकट बाहेर आली. आप्पा म्हणाले, छे छे, आमच्याकडं सगळे ठणठणीत. काकूंनी ताटाकडे बोट केलं. मग हा माका? आणि हे तीळ? खीर-वड्यांचा स्वयंपाक, कावळ्याला पहिलं पान? आमच्याकडे, त्या म्हणाल्या, माका फक्त पक्षात घरात येतो. पिंडावर वाहायला. एरवी आम्ही त्याचं नावसुद्धा काढत नाही.

आप्पांना यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. उलट माक्याचा आणखी एक उपयोग कळला म्हणून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काकूंना समजावायला सुरुवात केली की बाई, हे डोक्याला लावायचं असतंय, बघा आमच्या पोरीची वेणी, बघा तुमच्याच पोराला वर्षभर लावलंय. आणि दाखवायच्या उत्साहात, मी डोळे वटारीपर्यंत, त्यांनी शेजारी बसलेल्या पुणेकराची टोपी उचलली.

 बाहेर कावळे तेवढे बोलत होते.

काकूंनी मुलाचं डोकं बघितलं. मग ताट बघितलं. मग परत डोकं. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"पिंडावर वाहायचं ते माझ्या मुलाच्या डोक्यावर."

पुणेकर म्हणाला की आई, ॲक्च्युअली माझीच चूक, मी मिक्सर लावला. हे वाक्य त्या क्षणी कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. काकू उठल्या. पर्स खांद्याला लावली आणि काकांना म्हणाल्या की निघूया, पहिल्याच भेटीत असं पान समोर आलं, याला काहीतरी अर्थ असणार.

आईनं पळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आप्पा खाली बघत होते. त्यांची बोटं माका चुरून चुरून कायमची काळी झालीत, ती ते मांडीखाली सरकवत होते. लेथवरची काळी बोटं त्यांनी आयुष्यात कधी कुणापासून लपवली नव्हती. ते बघितलं आणि मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "काकू, जायचं तर जा, पण समजून जा. आमच्याकडे माका जिवंत माणसांना लावतात. तुमच्याकडे मेल्यावर मिळतो. पान एकच आहे आणि दोन्हीकडे ते आपल्याच माणसांना देतात. आप्पांनी तुमच्या मुलाला परका समजून काही लावलेलं नाही."

बोलले आणि वाटलं, संपलं. मुख्याध्यापिकेला असं कुणी बोलतं का? आईच्या चेहऱ्यावरही तेच होतं. पुणेकर छताकडे बघत होता. काकू माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. वर्गात उलट उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघावं तसं, उत्तर चुकीचं आहे की बरोबर हे ठरवत.

 काकांनी आल्यापासून फक्त पाणी मागितलं होतं. ते सावकाश उठले, देवाच्या फळीपाशी गेले, ताटातली एक काडी उचलली, चुरगळली आणि बोटावर रस काळा पडताना बघत उभे राहिले. मग आप्पांना म्हणाले, "मला हा पुढं मिळणारच आहे. पण तेव्हा त्याचा उपयोग काय? लावायचा तर आत्ताच लावा."

काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय बोलताय."

"काहीतरीच काय? तुझा मुलगाच वाहणार ना माझ्यावर? मग आधी नमुना बघून घेतो."

आप्पांनी बोटं मांडीखालून काढली. वर बघितलं, काकांच्या डोक्याकडे. तिथं जमीन चांगली हाय म्हणायला काही वाव नव्हता, सगळी पडीकच. पण आप्पा माणूस निराश करणारे नव्हेत. ते म्हणाले, "केस येतील असं सांगत नाही. पण गार वाटंल बघा."

"चालेल," काका म्हणाले. "गारवा तरी आत्ता कुठं मिळतोय." आणि बायकोकडे बघितलं.

काकू हसल्या नाहीत. पण पर्स खांद्यावरून उतरवून खुर्चीत ठेवली, आणि पर्स खाली गेली तशी आईनं पळी. आप्पा आणि काका ताट उचलून गच्चीवर गेले. मागून पुणेकरही टोपी शोधत गेला. त्याला वाटलं असणार की खाली थांबण्यापेक्षा वर बरं.

खाली आम्ही तिघीच उरलो. आईनं काकूंच्या हातात वड्यांची बशी दिली. काकूंनी एक वडा मोडला. आतून मऊ, जाळीदार. खाल्ला. दुसरा घेतला. म्हणाल्या की माझी आजी वर्षातून एकदाच करायची हे वडे, आणि आम्ही मुलं म्हणायचो, कुणीतरी गेलं असेल तरच इतकं चांगलं खायला मिळतं. आई म्हणाली की आमच्याकडे कधीही या, कुणी जायची गरज न्हाई. त्यावर काकू पहिल्यांदा हसल्या, आणि हसताना ठसका लागला तर मी पाणी दिलं.

मग त्यांनी मला विचारलं की तू ऑफिसातही असंच बोलतेस का. मी म्हटलं हो, त्याचेच पैसे मिळतात. त्या म्हणाल्या, शाळेत असतीस तर रोज वर्गाबाहेर उभी केली असती. मी म्हटलं, केलं होतं बऱ्याच जणींनी. त्यांनी मान डोलावली. आईला ही बोलणी कुठं चाललीत ते कळत नव्हतं. ती आपली वडे तळत राहिली आणि काकू आपल्या खात राहिल्या.

अर्ध्या तासानं तिघे खाली आले. पुढं काका. त्यांच्या डोक्याला केसांचा काहीच अडथळा नसल्यामुळं माका एकसारखा बसला होता, पॉलिश केल्यासारखा. उन्हात बसून आल्यामुळं वर चकाकीही होती. मागे मुलगा, त्याचं डोकं पट्ट्यापट्ट्यांचं. आणि शेवटी आप्पा, आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करून आल्यासारखे. काकांनी आरशात बघितलं नाही. थेट बायकोसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गार वाटतंय खरं."

काकूंनी नवऱ्याचं डोकं बघितलं. मुलाचं बघितलं. पदरानं काकांच्या कानामागचा एक ओघळ पुसायला गेल्या, पदराला डाग पडला, तेव्हा पदर सोडून दिला. मग आप्पांकडे वळून कामाच्या स्वरात विचारलं, "हा रंग जायला किती दिवस लागतात?"

आप्पांनी विचार केला. म्हणाले, "साहेबांचा जाईल लवकर, मी बेतानं लावलाय. जावयाचा जरा राहील. त्यानं मिक्सर लावलाय."

जावयाचा, हा शब्द आप्पांच्या तोंडून असाच, सरळ निघून गेला. आईनं गॅस बंद केला. मी पुणेकराकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हसले असते.

काकूंनी तो शब्द ऐकला. दुरुस्त केला नाही. शेवटचा वडा उचलत म्हणाल्या, "मग साखरपुडा पुढच्या महिन्यात धरा. मला फोटोत दोघांचीही डोकी माणसांसारखी हवीत."